टेस्को क्लबकार्ड

टेस्को क्लबकार्ड ही युनायटेड किंग्डममधील टेस्को या सुपरमार्केट साखळीची ग्राहकनिष्ठा योजना आहे. ती १३ फेब्रुवारी १९९५ रोजी देशभर सुरू झाली. एका पौंडाच्या खरेदीवर एक गुण व एका गुणाचे मूल्य एक पेनी, म्हणजे सुमारे एक टक्का परतावा, असे तिचे गणित आहे. ही सवलत किरकोळच. विपणनशास्त्रात योजनेचा अभ्यास होतो तो तिच्यातून मिळणाऱ्या खरेदीच्या नोंदींमुळे.

पार्श्वभूमी

नियमित ग्राहकाला काही जादा देण्याची रीत जुनी आहे. अमेरिकेत १८९६ पासून स्पेरी अँड हचिन्सन ही कंपनी दुकानदारांना हिरवी तिकिटे विकत असे. ग्राहक ती वहीत चिकटवून त्यांच्या बदल्यात वस्तू घेत. ब्रिटनमध्ये टेस्कोनेही १९६०च्या दशकापासून ग्रीन शील्ड तिकिटे दिली आणि १९७७ मध्ये ती बंद करून किमती उतरवल्या. त्यामुळे क्लबकार्ड आले तेव्हा प्रतिस्पर्धी सेन्सबरीजच्या डेव्हिड सेन्सबरी यांनी ‘इलेक्ट्रॉनिक ग्रीन शील्ड तिकिटे’ अशी त्याची संभावना केली. तिकिटावर नाव नसते, कार्डावर असते, हा फरक त्यात नजरेआड झाला. १९९५ मध्येच टेस्कोने बाजारहिश्श्यात सेन्सबरीजला मागे टाकले व पुढच्या वर्षी सेन्सबरीजने स्वतःचे कार्ड काढले. अर्थात या यशाचे सारे श्रेय कार्डाला देता येत नाही. स्वस्त ‘व्हॅल्यू’ माल आणि १९९४ मध्ये विकत घेतलेली स्कॉटलंडमधील विल्यम लो साखळी यांचाही त्यात वाटा होता.

माहितीचा वापर

क्लाइव्ह हंबी व एडविना डन या दाम्पत्याने १९८९ मध्ये स्थापन केलेल्या डनहंबी या संस्थेने नोंदींचे विश्लेषण केले. प्रायोगिक टप्प्याचे निष्कर्ष पाहून, आपल्याला तीस वर्षांत जेवढे ग्राहक कळले नाहीत तेवढे या मंडळींना तीन महिन्यांत कळले याची भीती वाटते, अशा आशयाचे उद्गार अध्यक्ष इयान मॅक्लॉरिन यांनी काढल्याचे सांगितले जाते. सर्व नोंदी तपासण्याइतकी संगणकक्षमता तेव्हा परवडणारी नसल्याने सुरुवातीला केवळ १० टक्के नमुन्यावर काम चाले.

किंमत ठरवताना या माहितीचा विशेष उपयोग झाला. केळी श्रीमंत-गरीब सगळेच घेतात. ती स्वस्त केल्यास ज्यांना सवलतीची गरज नाही त्यांनाही ती मिळते आणि दुकानाचा नफा तेवढा घटतो. याउलट स्वस्त मार्गारीनसारखा माल मुख्यतः काटकसरी ग्राहकांच्या टोपलीत आढळे. अशा मालाची किंमत उतरवली की दुसऱ्या दुकानाकडे वळण्याची शक्यता असलेला नेमका ग्राहक टिकून राहतो. टेस्कोने २००१ मध्ये डनहंबीत बहुसंख्य हिस्सा घेतला. २०१० पर्यंत ती पूर्णपणे टेस्कोची झाली.

क्लबकार्ड किंमती व टीका

‘क्लबकार्ड प्राइसेस’ या पद्धतीत एकाच वस्तूवर दोन किमती लावल्या जातात व कमी किंमत फक्त कार्डधारकाला मिळते. तिच्या निळ्या चौकोनातील पिवळ्या वर्तुळावरून लिडल या साखळीने दावा लावला. निकाल टेस्कोच्या विरोधात गेला. २०२४ मध्ये अपील न्यायालयाने तो मुख्यत्वे कायम ठेवल्यावर टेस्कोने चिन्ह बदलले.

दुहेरी किमतींवरील मुख्य आक्षेप वेगळा आहे: पूर्वी निष्ठेबद्दल बक्षीस मिळे, आता कार्ड नसल्याचा भुर्दंड पडतो. नेहमीची किंमत मुद्दाम फुगवली जाते, असाही संशय होता. ब्रिटनच्या स्पर्धा व बाजार प्राधिकरणाने टेस्कोसह पाच साखळ्यांतील सुमारे ५०,००० वस्तू तपासून नोव्हेंबर २०२४ मध्ये अहवाल दिला. ९२ टक्के वस्तूंवरील सवलत खरी आढळली. मात्र तोच माल इतरत्र याहून स्वस्त मिळू शकतो, असे प्राधिकरणाने नमूद केले आणि वृद्ध, अपंग व अल्पवयीन ग्राहकांना अशा योजनांचा लाभ घेणे सोपे करावे, अशी अपेक्षा व्यक्त केली.