पाच राउटरांत मावलेली रात्र

२४ फेब्रुवारी २००८चा रविवार संपून आपल्याकडे सोमवार लागला होता. रात्रीचे १२ वाजून १७ मिनिटं. पाकिस्तान टेलिकॉमच्या राउटरने बाहेर सांगितलं, की यूट्यूबचे काही पत्ते माझ्याकडे आहेत. जगाने ऐकून घेतलं, आणि बघता बघता यूट्यूब जगातल्या बहुतेकांच्या पडद्यावरून गेलं. दोन तासांहून जास्त वेळ.

ही हकीकत बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळते. पण ती खरी कळते करून पाहिल्यावर, आणि त्यासाठी एक बरा लॅपटॉप पुरतो.

आधी थोडं मागे जाऊ. इंटरनेट म्हणजे हजारो स्वतंत्र नेटवर्कं. प्रत्येक नेटवर्क शेजाऱ्याला सांगतं, 'हे पत्ते माझ्याकडे', आणि शेजारी ते पुढच्याला सांगतो. या सांगोवांगीचं नाव बीजीपी. जानेवारी १९८९ मध्ये टेक्सासमधल्या ऑस्टिनला एका तांत्रिक बैठकीच्या वेळी सिस्कोचे कर्क लॉहीड आणि आयबीएमचे याकोव्ह रेख्टर यांनी जेवता जेवता कागदी रुमालांवर तिचा आराखडा काढला. जूनमध्ये तो प्रसिद्ध झाला. सांगणारा खरं बोलतोय का, हे तपासायची सोय त्यात नव्हती. सगळे एकमेकांना ओळखतात अशा लहान गावात ती कुणाला सुचली नाही, यात मला तरी नवल वाटत नाही. पण गाव वाढलं. एप्रिल १९९७ मध्ये एएस ७००७ या नेटवर्कातल्या एका राउटरने भलतेच रस्ते जाहीर केले आणि इंटरनेटचा मोठा भाग कोलमडला.

खऱ्या इंटरनेटवर असले प्रयोग करता येत नाहीत. पूर्वी सरावासाठी खरे राउटर जमवावे लागत, आणि ते काही प्रत्येकाच्या खिशाला परवडणारे नव्हते. २००५ मध्ये क्रिस्तोफ फियो यांचा डायनामिप्स आला, त्यावर पुढे जीएनएस३ उभं राहिलं, आणि सिस्कोचे राउटर साध्या संगणकावर चालू लागले. आज एफआरआरसारखं फुकट सॉफ्टवेअर त्याहून हलकं आहे.

तर पाच राउटर मांडा. पहिला यूट्यूब, दुसरा त्याचा सेवा पुरवणारा, तिसरा हाँगकाँगची पीसीसीडब्ल्यू, चौथा पाकिस्तान टेलिकॉम, पाचवा तुमच्यासारखा प्रेक्षक. दुसरा, तिसरा आणि पाचवा एकमेकांना जोडा. पहिला फक्त दुसऱ्याला, चौथा फक्त तिसऱ्याला. नेटवर्कांचे क्रमांक ६४५१२ पासून पुढचे घ्या, ते खाजगी वापरासाठीच राखलेले आहेत. पहिल्या राउटरवरून १०.१.१५२.०/२२ जाहीर करा. पाचव्यावरून पिंग करा, उत्तर येईल.

आता चौथ्यावरून १०.१.१५३.०/२४ जाहीर करा. एवढंच. पाचव्याच्या तक्त्यात दोन नोंदी दिसतील आणि १५३ मधल्या पत्त्याचं पिंग चौथ्याकडे जाऊन बुडेल. कारण स्लॅशनंतरचा आकडा मोठा म्हणजे पत्त्यांचा गठ्ठा लहान, आणि लहान गठ्ठा नेहमी जिंकतो. टपाल छाटणारा 'पुणे' आणि 'पुणे, सदाशिव पेठ' असे दोन कप्पे समोर असतील, तर पेठेचं पत्र पेठेच्याच कप्प्यात टाकणार. त्या रात्री यूट्यूबचा गठ्ठा /२२ होता. सरकारी आदेशावरून यूट्यूब देशापुरतं बंद करताना पाकिस्तान टेलिकॉमने त्यातला /२४ आपल्याकडे वळवला, आणि तो पीसीसीडब्ल्यूमार्फत जगभर गेला.

इथे थांबून सगळ्या राउटरांची स्थिती तपासा. मला या प्रयोगातला हाच भाग सर्वांत भीतिदायक वाटतो. सगळी कनेक्शनं चालू, एकही चूक नोंदलेली नाही. यंत्रांच्या लेखी काहीही बिघडलेलं नाही.

मग यूट्यूबने केलं ते करा. पहिल्यावरूनही तोच /२४ जाहीर करा. आता गठ्ठे सारखे, म्हणून साधारणपणे जवळचा जिंकतो: दुसरा राउटर तुमच्याकडे परत येईल, तिसरा चौथ्याच्याच नादी राहील. नंतर दोन /२५ जाहीर करा, की सगळेच परततात. शेवटी तिसऱ्यावर फिल्टर लावा, 'चौथ्याकडून फक्त त्याचे स्वतःचेच पत्ते घे', आणि सुरुवातीपासून पुन्हा खेळा. काहीच घडत नाही. पीसीसीडब्ल्यूकडे त्या रात्री असा फिल्टर असता, तर या गोष्टीत सांगण्यासारखं काही उरलं नसतं.

लॅबमध्ये हे सगळं दहा मिनिटांत उरकतं. प्रत्यक्षात यूट्यूबचा /२४ आला १ वाजून ३७ मिनिटांनी, /२५ आले १ वाजून ४८ ला, आणि पीसीसीडब्ल्यूने पाकिस्तानकडचे रस्ते मागे घेतले २ वाजून ३१ ला. पहिली ८० मिनिटं राउटरांची नव्हती, माणसांची होती: काय झालंय, कुणी केलंय, फोन कुणाला लावायचा. लॅपटॉपवर पाचही खुर्च्यांवर तुम्हीच बसलेले असता, त्यामुळे ही ८० मिनिटं तिथे सापडत नाहीत. झुरिकच्या ईटीएच विद्यापीठात म्हणूनच विद्यार्थ्यांचा प्रत्येक गट एकेक नेटवर्क सांभाळतो, आणि रस्ते जुळवायला त्यांना शेजारच्या गटाशी बोलावं लागतं. घरी करायचं तर चार मित्र बोलवा, प्रत्येकाला एक राउटर द्या, आणि चौथा काय करणार आहे ते बाकीच्यांना सांगू नका.