तेरचं कापड, भूमचा खवा: माल जगभर गेला, नाव कुणाचं झालं?



'छोटा धंदा परदेशात कसा न्यायचा' असे व्हिडिओ मोबाईलवर रोज दोन-चार तरी येतात. ऐकून वाटतं, हे सगळं इंटरनेट आल्यावरच सुरू झालं. मी स्वतः सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, त्यामुळे इंटरनेटचं कौतुक मलाही आहे. पण आपल्या धाराशिव जिल्ह्यातला माल परदेशी जायला लागून १९०० वर्षं उलटून गेलीत.

भूमच्या पूर्वेला, तेरणा नदीच्या काठी तेर आहे. गोरोबाकाकांचं तेर! याचं जुनं नाव तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमधल्या एका ग्रीक बोलणाऱ्या व्यापाऱ्याने समुद्री व्यापाराची माहितीवही लिहिली, ती म्हणजे 'पेरिप्लस'. कुठल्या बंदरात काय मिळतं, काय खपतं, सगळं त्यात आहे. तो लिहितो की भडोच बंदरापासून पैठण वीस दिवसांवर आणि पैठणच्या पूर्वेला आणखी दहा दिवसांवर तगर हे फार मोठं शहर. तिथून साधं कापड आणि तऱ्हेतऱ्हेची मलमल गाड्यांमधून भडोचला येते, तीही धड रस्ते नसलेल्या मुलखातून. हे तगर म्हणजेच तेर, हे १९०१ साली जे. एफ. फ्लीट यांनी दाखवून दिलं.

म्हणजे महिनाभर बैलगाडी. पुढे जहाज, मोसमी वारे, तांबडा समुद्र, इजिप्त आणि मग रोम.

याच्या खुणा आजही दिसतात. तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात एक हस्तिदंती बाहुली आहे. तिच्याशी मिळतीजुळती भारतीय बाहुली १९३८ मध्ये इटलीत, पॉम्पेईच्या अवशेषांत सापडली. पॉम्पेई इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेत गाडलं गेलं. म्हणजे ती बाहुली त्याच्या आधीच तिथे पोचली होती.

आता खरा प्रश्न. एक माग असलेला विणकर रोमपर्यंत पोचला कसा? उत्तर सोपं आहे: तो एकटा पोचलाच नाही. त्या काळी कारागिरांच्या संघटना असायच्या, त्यांना श्रेणी किंवा निकाय म्हणत. त्यांची पत काय होती हे नाशिकच्या पांडवलेण्यांतल्या एका शिलालेखात वाचायला मिळतं. क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याने भिक्षूंच्या खर्चासाठी ३००० कार्षापण ठेव म्हणून ठेवले. कुणाकडे? विणकरांच्या दोन निकायांकडे! एकाकडे २०००, दरमहा शेकडा १ व्याजाने. दुसऱ्याकडे १०००, दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल कधीच परत घ्यायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. विचार करा, राजाचा जावई विणकरांच्या संघटनेवर बँकेसारखा विश्वास ठेवतोय. अशी पत एकट्या विणकराला कुठून मिळणार?

पण या गोष्टीला दुसरी बाजूही आहे. पेरिप्लसमध्ये तगरचं नाव आलं, एकाही विणकराचं नाही. परदेशी गिऱ्हाईक भडोचला येत होतं. भाव काय चाललाय हे बंदरावरच्या व्यापाऱ्याला कळायचं, महिनाभर लांब मागावर बसलेल्याला नाही. इकडे रोमन लेखक प्लिनी कुरकुरत होता की भारत दरवर्षी ५ कोटी सेस्टर्स ओढून नेतो. त्यातले तेरच्या मागापर्यंत किती आले असतील?

हाच प्रश्न आज भूमच्या खव्यासमोर आहे. साधारण चार-पाच लिटर दूध आटवलं की किलोभर खवा होतो. दूध लांब टिकत नाही. आटवलं की वजन कमी, किंमत जास्त. आपल्याकडच्या खवाभट्ट्यांचं गणित हेच. भूम तालुक्यातल्या कुंथलगिरीच्या खव्याला २०२४ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं. पेरिप्लसने तगरला जे दिलं तेच हे: गावाच्या नावाची ओळख. फरक एवढाच की आता त्या नावाला कायदा आहे.

पण नीट ऐका. गावाला जीआय मिळाला म्हणून प्रत्येक भट्टीवाल्याला तो आपोआप वापरता येत नाही. 'अधिकृत वापरकर्ता' म्हणून प्रत्येकाला वेगळी नोंदणी करावी लागते. शिवाय ही नोंदणी भारतापुरती. दुसऱ्या देशात संरक्षण हवं तर तिथल्या कायद्याने वेगळी खटपट. वर खवा नाशवंत, आणि दुग्धपदार्थ घेताना प्रत्येक देश आपले आरोग्याचे नियम लावतो. शीतगृह, तपासणी, पॅकिंग हे एका भट्टीला झेपणारं नाही. दहा-वीस भट्ट्या एकत्र आल्या तर झेपेल. म्हणजे पुन्हा श्रेणीच!

तेव्हा घरी कुणाची भट्टी असेल, तर वेबसाईटचं नंतर बघू. आधी विचारा: आपली अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद झाली का? नाहीतर खोक्यावर नाव कुंथलगिरीचं छापलं जाईल आणि पैसा खोकं भरणाऱ्याकडे राहील. तेरच्या विणकराला नाव नोंदवायची सोय नव्हती. आपल्याला आहे.

भेटूया पुढच्या भागात!