चूक कोणाला दिसते?

संगणकावरून घरबसल्या घेतलेले विद्यापीठीय शिक्षण वर्गातल्याइतके चांगले असते का? या प्रश्नाचे उत्तर यंत्राच्या वेगात शोधण्याआधी थोडा इतिहास पाहू.

१९६० साली अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात डोनाल्ड बिट्झर यांनी 'प्लेटो' ही संगणकाद्वारे शिकवण्याची यंत्रणा उभारली. सुरुवातीला एका वेळी एकच विद्यार्थी तिच्यावर बसू शके. पडद्यावर प्रश्न येई, विद्यार्थी कळा दाबून उत्तर देई आणि ते बरोबर की चूक हे यंत्र लगेच सांगे. वर्गात मागच्या बाकावरचा विद्यार्थी गप्प बसू शकतो. इथे ती सोय नव्हती! पण आधी भरून ठेवले असेल तेवढेच यंत्र सांगू शके. १९७३ साली यंत्रणेतील दोष कळवण्यासाठी 'नोट्स' ही सोय झाली आणि थोड्याच काळात लोक तिच्यावर एकमेकांशी चर्चा करू लागले. माणसांना माणसेच हवी होती.

ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठाने १९७१ साली अध्यापन सुरू केले. बीबीसीवरील त्याच्या कार्यक्रमांचा गाजावाजा झाला, पण खरा भार वाहिला तो टपालाने येणाऱ्या छापील पाठांनी आणि मार्गदर्शक शिक्षकांनी. विद्यार्थ्याने सोडवलेला स्वाध्याय शिक्षक तपासत आणि शेरे लिहून परत पाठवत. उत्तर यायला वेळ लागे, पण ते त्याच विद्यार्थ्यासाठी लिहिलेले असे.

२०१२ साली अमेरिकेतील एमआयटी या संस्थेने विद्युत मंडलांचा अभ्यासक्रम इंटरनेटवर विनामूल्य खुला केला. १,५४,७६३ जणांनी नावे नोंदवली. प्रमाणपत्र मिळाले ७,१५७ जणांना. अनेक जण केवळ डोकावायला आले असणार, त्यामुळे एवढ्यावरून अभ्यासक्रम वाईट ठरत नाही. मात्र पुढील पाहणीत एक गोष्ट आढळली. पडद्याबाहेर कोणाच्या तरी सोबतीने अभ्यास करणाऱ्यांचे गुण एकट्याने शिकणाऱ्यांपेक्षा थोडे अधिक होते. अर्थात, मुळात धडपड्या असलेला विद्यार्थीच सोबती शोधतो, असेही असू शकेल.

तंत्रज्ञानाने पाठ दूरवर पोचवला, उत्तर तपासणे क्षणाचे केले. पण शिकवणे म्हणजे पाठ पोचवणे एवढेच नाही. म्हणून कोणताही नवा अभ्यासक्रम पाहताना आपण शिक्षकांनी एवढेच विचारावे: विद्यार्थी चुकला तर ते कोणाला दिसते, केव्हा दिसते, आणि मग त्याच्याशी कोण बोलते?