पिल्टडाऊनचा जबडा

"हे वाच," मामांनी ताटावर बसल्या बसल्या फोन माझ्यापुढे धरला. "कवटीच खोटी निघाली तुमची!"

फॉरवर्ड पिल्टडाऊनच्या कवटीवर होता. मामा रोज पहाटे ज्ञानेश्वरी वाचतात, आणि डार्विनचं नाव निघालं की आमच्याकडे जेवण लांबतं. मी नेहमीसारखं म्हणाले, "मामा, व्हॉट्सॅपवर काहीही येतं." रात्री वाचत बसले तेव्हा कळलं, की हे आलं होतं ते खरं होतं.

१९१२ साली इंग्लंडमधल्या ससेक्स परगण्यात, पिल्टडाऊनच्या खडीच्या खड्ड्यात, चार्ल्स डॉसन या वकिलाला कवटीचे तुकडे आणि जबडा मिळाल्याचं जाहीर झालं. कवटी माणसाची, मोठ्या मेंदूची. जबडा वानरासारखा. तिथल्या बऱ्याच अभ्यासकांना हेच हवं होतं: आधी मेंदू वाढला, बाकीचं शरीर मागाहून बदललं. शिवाय हे सगळं इंग्लंडात घडलेलं!

याचा फटका बसला तो हजारो मैलांवरच्या एका लहान मुलाच्या कवटीला. ती १९२४ साली दक्षिण आफ्रिकेत, टाउंगच्या चुनखडीच्या खाणीत मिळाली आणि रेमंड डार्ट या शरीरशास्त्रज्ञाच्या हाती आली. मेंदू लहान, वानराच्या मापाचा. पण मज्जारज्जू कवटीतून जिथून बाहेर पडतो ते भोक वानरासारखं मागच्या अंगाला नव्हतं, पुढे सरकून कवटीच्या तळाशी आलं होतं. म्हणजे डोकं मानेवर सरळ तोललेलं. हे पोर दोन पायांवर चालत असणार. डार्टने १९२५ मध्ये 'नेचर'मध्ये तसं लिहिलं. आर्थर कीथसारख्या बड्या मंडळींनी ते वानराचं पिल्लू ठरवून बाजूला सारलं. पिल्टडाऊन सांगत होतं मेंदू आधी, टाउंग सांगत होतं चाल आधी. त्यांनी पिल्टडाऊन धरून ठेवलं.

पुढे रॉबर्ट ब्रूमला दक्षिण आफ्रिकेतच प्रौढांचे अवशेष मिळत गेले. १९४७ साली ऐंशी उलटलेल्या कीथने त्याच 'नेचर'मध्ये डार्ट बरोबर होता, आपण चुकलो, असं लिहून दिलं. मला हे फार आवडलं. आमच्या घरात इतकं सरळ कुणी कबूल करत नाही, मीही नाही.

जमिनीत पुरलेलं हाड पाण्यातलं फ्लोरिन हळूहळू शोषत राहतं. केनेथ ओकलीने त्यावरून पिल्टडाऊनची हाडं तपासली, आणि १९५३ मध्ये त्याने व त्याच्या सहकाऱ्यांनी सगळं उघडं पाडलं. जबडा ओरांगउटानचा, दात कानशीने घासलेले, हाडं जुनी दिसावीत म्हणून रंगवलेली.

दुसऱ्या दिवशी म्हणाले, "मामा, तुमचा फॉरवर्ड खरा आहे." ते चमकले. मग पकडलं कुणी, तेही सांगितलं.

"चाळीस वर्षं लागली?"

"हो."

"आणि ते टाउंगचं पोर खरं कशावरून?"

इतक्या वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदाच काही विचारलं होतं. मी फोनवर कवटीचा खालून घेतलेला फोटो काढला, भोक दाखवलं. मामांनी चष्मा वर सरकवला, बराच वेळ पाहिलं, आणि मग नकळत त्यांचं बोट स्वतःच्या मानेमागे गेलं.