ग्रंथकारसभा आणि जोतीरावांचे उत्तर

मिरजगावी आमच्या वर्गात परवा एका विद्यार्थ्याने विचारले की, 1885 सालच्या ग्रंथकारसभेचे बोलावणे आले असता जोतीराव फुले गेले का नाहीत? तेथे जाऊन आपले म्हणणे मांडले असते तर काय बिघडले असते? प्रश्न सरळ होता. घंटा होईपर्यंत त्याचे पुरे उत्तर मात्र आम्हांस देता आले नाही. ते येथे देण्याचा यत्न करतो.

महादेव गोविंद रानडे व लोकहितवादी ह्यांच्या खटपटीने मराठी ग्रंथकारांची पहिली सभा 1878 च्या मे महिन्यात पुण्यास भरली. दुसरी 1885 च्या मे महिन्यात, तीही पुण्यासच, कृष्णशास्त्री राजवाडे ह्यांच्या अध्यक्षतेखाली झाली. जोतीराव तोवर ‘गुलामगिरी’ व ‘शेतकऱ्याचा असूड’ ह्यांचे कर्ते होते, तेव्हा त्यांस बोलावणे जाणे रास्तच होते. आणि रानड्यांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे आम्हांस कारण दिसत नाही.

जोतीरावांचे उत्तर 1885 च्या जून महिन्यात ‘ज्ञानोदया’त छापले गेले. हे पत्र 1842 साली आमच्याच अहमदनगरास, म्हणजे आजच्या अहिल्यानगरास, निघालेले. आणि नगरची मिस फॅरारबाईंची मुलींची शाळा पाहूनच जोतीरावांस स्त्रीशिक्षणाची स्फूर्ती झाली होती. असो. उत्तराचा आशय असा: जे लोक मनुष्यमात्राचे हक्क सर्वांस मनापासून व उघडपणे देत नाहीत, त्यांच्या सभांशी व पुस्तकांशी आमचा मेळ बसणार नाही. एकी करावयाची असेल, तर ती कोणत्या मुळावर टिकेल हे प्रथम शोधावे; आमच्या लोकांनी काय भोगले ते त्यांस दुरून कळावयाचे नाही.

ह्या उत्तरात कित्येकांस नुसता ताठा दिसतो. आम्हांस तसे वाटत नाही. तीस वर्षांपूर्वी, 1855 साली, जोतीरावांनी ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहून दक्षिणा प्राइज कमिटीकडे धाडले होते; परंतु तेथील भट सभासदांच्या आग्रहापुढे युरोपियन सभासदांचे काही चालले नाही व नाटक नापसंत झाले, असे त्यांनी स्वतःच पुढे नमूद केले आहे. परीक्षक एकाच वर्गाचे असले म्हणजे काय होते, ह्याचा धडा त्यांनी एकदा घेतला होता. सभेत जागा मिळणे निराळे आणि सभेचे नियम ठरविण्यात वाटा मिळणे निराळे. त्यांस केवळ जागा देऊ केली गेली होती.

पुढे ह्या सभेचीच साहित्य संमेलने झाली. 1932 साली कोल्हापूरच्या संमेलनाचे अध्यक्षपद सयाजीराव गायकवाडांकडे आले, हे खरे. पण महाराजांसाठी दार कोणीही उघडतो! अस्पृश्य मानलेल्या समाजातील लेखकांस आधी आपली निराळी सभा भरवावी लागली. 1958 साली दादरला पहिले दलित साहित्य संमेलन झाले व त्याचे उद्घाटन अण्णाभाऊ साठ्यांनी केले. पहिल्या ग्रंथकारसभेस बरोबर शंभर वर्षे झाली त्या 1978 साली आमच्या जिल्ह्यातील धामणगावच्या दया पवारांचे ‘बलुतं’ निघाले. शंकरराव खरात जळगावच्या संमेलनाचे अध्यक्ष झाले ते 1984 साली. जोतीरावांच्या पत्रानंतर नव्व्याण्णव वर्षांनी!

हा अनुभव केवळ आपलाच नव्हे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञांची मोठी संस्था 1892 साली स्थापन झाली. 1968 साली कृष्णवर्णीय मानसशास्त्रज्ञांनी सॅन फ्रान्सिस्कोस आपली वेगळी संस्था काढली, आणि 1970-71 साठी जुन्या संस्थेने केनेथ क्लार्क ह्यांस अध्यक्ष केले. तत्पूर्वी एकही कृष्णवर्णीय त्या पदावर बसला नव्हता. बाहेर वेगळी चूल मांडली गेली, की जुन्या घरातील पंगतीत पाट मांडण्याची घाई होते, असे आम्हांस दोन्हीकडे दिसते. बाहेर पडणाऱ्यास फुटीर म्हणणाऱ्यांनी एवढा कालक्रम तरी ध्यानात घ्यावा.

तरीही पाट मांडला म्हणजे तक्रार मिटली, असे होत नाही. 2020 साली उस्मानाबादच्या संमेलनास फ्रान्सिस दिब्रिटो हे पहिले ख्रिस्ती अध्यक्ष लाभले, तेव्हा त्यांच्या निवडीस धर्मावरून विरोध झालाच.

त्या विद्यार्थ्यास आम्ही आता जोतीरावांचे ते पत्रच वाचावयास देणार आहोत. ते त्यांच्या समग्र वाङ्मयात आहे, व फार लांबही नाही.