घरचा ग्लुकोमीटर किती अचूक असतो?

सकाळी उपाशीपोटी लॅबमध्ये साखर १२० आली आणि त्याच वेळी घरच्या मशीनवर १३५ दिसली, तर मशीन बिघडले असे समजू नका. ग्लुकोमीटरला थोडा फरक चालतो.

किती फरक चालतो?

आयएसओ १५१९७ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार (२०१३) १०० पैकी किमान ९५ वेळा मशीनचा आकडा पुढील मर्यादेत हवा:

• साखर १०० किंवा जास्त असेल तर लॅबपेक्षा १५ टक्के कमी-जास्त. म्हणजे लॅबमध्ये २००, तर मशीनवर १७० ते २३०.
• साखर १०० पेक्षा कमी असेल तर १५ मिलिग्रॅम कमी-जास्त. म्हणजे लॅबमध्ये ६५, तर मशीनवर ५० ते ८०.

दुसरे उदाहरण नीट पाहा. ७० च्या खालची साखर धोक्याची असते, पण चांगले मशीनही तेव्हा ८० दाखवू शकते.

मोठी चूक कुठे होते?

हात: कोपरगाव हा गोदावरीकाठचा उसाचा तालुका. ऊस सोलल्यावर, गूळ फोडल्यावर किंवा पेरू कापल्यावर बोटाला साखर राहते. तीच रक्ताच्या थेंबात मिसळून आकडा खूप वाढवते. तो खरा मानून इन्सुलिन जास्त घेतले, तर साखर एकदम खाली जाऊ शकते. नुसता स्पिरिटचा बोळा पुरत नाही. साबणाने हात धुवा आणि कोरडे करा. पाणी नसेल तर पहिला थेंब पुसून दुसरा वापरा.

पट्ट्या: पट्टीवरचे एन्झाइम उष्णतेने आणि ओलीने खराब होते. बहुतेक पट्ट्या ३० अंशांपर्यंत ठेवायच्या असतात, आणि इथल्या उन्हाळ्यात पारा ४० च्या पुढे जातो. गाडीच्या डिकीत किंवा पत्र्याच्या खोलीत डबी ठेवू नका. फ्रिजमध्येही नको. घरातली गार, कोरडी जागा निवडा. झाकण लगेच लावा, मुदत तपासा.

रक्त: हिमोग्लोबिन बरेच कमी असेल, तर आकडा खऱ्यापेक्षा जास्त दिसू शकतो. डॉक्टरांना तसे सांगा.

मशीन कसे तपासायचे?

उपाशीपोटी लॅबमध्ये जाताना मशीन सोबत न्या. रक्त दिल्यावर पाच-दहा मिनिटांत बोटाची तपासणी करा आणि दोन्ही आकडे ताडून पाहा. जेवणानंतर तुलना करू नका, कारण तेव्हा बोटातल्या रक्तात साखर शिरेतल्यापेक्षा जास्त असते.

मग आकड्यावर विश्वास ठेवायचा का?

ठेवा, पण एकाच आकड्यावरून औषधाचा डोस बदलू नका. आकडा विचित्र वाटला तर हात धुऊन पुन्हा तपासा. रोजचे आकडे वहीत लिहा आणि डॉक्टरांना दाखवा. तीन महिन्यांची सरासरी एचबीए१सी तपासणीत कळते.

घाम, थरथर, धडधड किंवा गोंधळल्यासारखे होत असेल, तर मशीनवर ८० दिसले तरी तीन चमचे साखर पाण्यातून घ्या आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नका, १०८ ला फोन करा.