सरळ रेषेचे समीकरण आणि तुलूझचा फर्मा

मंडळी, सरळ रेषेचे समीकरण शाळेत आपण सर्वांनीच सोडवले. ते मुळात कोणाचे, असे विचारले तर जाणकार देकार्तचे नाव घेतील. त्याची ‘भूमिती’ १६३७ साली छापली गेली, हे खरे. पण तिचा सारा रोख पॅपसच्या अवघड प्रश्नावर आणि वक्ररेषांवर आहे. साध्या रेषेपासून रीतसर सुरुवात केली ती पिएर द फर्मा याने, आणि माझ्या मते इथला मान त्याचाच. तो पेशाने गणिती नव्हता. दक्षिण फ्रान्समधल्या तुलूझच्या न्यायसभेत अधिकारी होता. (पोटाचा व्यवसाय एक आणि ओढ दुसरीकडे, हे आम्हा दवाखानेवाल्यांना चटकन समजते.)

अपोलोनियसचा बिंदुपथांवरचा एक ग्रीक ग्रंथ हरवला होता. पॅपसने दिलेल्या त्रोटक माहितीवरून फर्मा तो पुन्हा उभा करीत होता. त्याच ओघात, देकार्तचे पुस्तक पाहण्यापूर्वीच, त्याने एक छोटे लॅटिन टिपण लिहिले. त्यातली युक्ती अशी : आडव्या रेषेवर एक बिंदू ठरवा. तिथून ‘ए’ इतके पुढे जा आणि ठरलेल्या कोनात ‘ई’ इतके वर चढा. ‘डी’ गुणिले ‘ए’ बरोबर ‘बी’ गुणिले ‘ई’ असेल, तर ‘ए’ आणि ‘ई’ यांचे गुणोत्तर कायम राहते. त्रिकोण लहानमोठा होतो, त्याचा आकार बदलत नाही. म्हणून वरचे टोक एकाच सरळ रेषेवर सरकते.

हे तर आपले त्रैराशिक! नवव्या शतकातल्या महावीराचार्यांच्या ‘गणितसारसंग्रहा’त ते आहेच. मात्र त्या गुणोत्तराची रेषा होते, हे पाहणे ही वेगळी पायरी.

रेषा आरंभबिंदूतून जात नसेल तर? आमच्या तापमापकाचे पाहा. सेल्सिअस ० म्हणजे फॅरनहाइट ३२ आणि १०० म्हणजे २१२. थेट त्रैराशिक लावले तर फसते. फरक घ्या : १०० अंशांमागे १८० अंश, म्हणजे चढ ९/५. आता मोजणी ३२ पासून करा. फॅरनहाइट वजा ३२ बरोबर ९/५ गुणिले सेल्सिअस. ३७ ला ६६.६, त्यात ३२ मिळवले की ओळखीचे ९८.६. दोन बिंदूंवरून समीकरण काढणे ते एवढेच. फर्माही अशा वेळी आरंभच सरकवून घेतो.

त्याने ऋण अंतरे धरली नाहीत, त्यामुळे त्याची रेषा एकाच बाजूला धावते. चढ आणि एक बिंदू यांवरून समीकरण मांडण्याची आजची रीत अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात मोंजच्या लेखनात दिसते.

फर्माने ते टिपण स्वतः छापले नाही. हस्तलिखित पॅरिसच्या गणितज्ञांत फिरले. तो १६६५ साली वारला आणि त्याचा मुलगा सॅम्युएल याने ते १६७९ साली तुलूझला प्रसिद्ध केले. तोवर देकार्तची ‘भूमिती’ लॅटिनमध्ये टीकेसह सर्वत्र पोचली होती आणि अज्ञातांसाठी त्याची एक्स, वाय ही अक्षरे रूढ होत होती.